पिवळी जर्सी आणि नदीचा वेळ

वामन, तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलाच आहे. गेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो, एवढं मलाही कळतं. पण भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय शाळेपासूनची. या वेळी जरा जास्तच लांब गेलास.

बाजारातली माणसं माझ्या दुकानापाशी थांबतात. वामन मास्तरासारखा सरळ माणूस नंदुरबारात झाला नाही, म्हणतात. मी मान हलवतो आणि काठीनं हंड्यातलं कापड खालीवर करत राहतो. तुझ्या तिरडीला मी खांदा दिला, तेव्हाही माझ्या मनात एकच गोष्ट होती. ती कोणती, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, असं मी परवापर्यंत समजत होतो.

मराठी शाळेच्या एका बाकावर आपण बसलो. तू तापीकाठच्या पाटलाचा मुलगा, मी रंगरेजाचा. तू पुढं शिकून मास्तर झालास आणि मी बापाच्या हंड्यात हात घातले. तुझी बोटं खडूनं पांढरी, माझे हात कोपरापर्यंत निळे नाहीतर लाल. खरं तर तिथंच आपली गाठ सुटायची. पण दोघांनाही सायकलचं वेड होतं. तुझी सायकल नवी, माझी तीनदा सांधलेली. माझी पुढं जायची, हे तुला कधी आवडलं नाही, आणि ते तू कधी लपवलंही नाहीस. त्या वयात तू काही लपवत नव्हतास.

एका संध्याकाळी तू एक इंग्रजी सचित्र अंक घेऊन दुकानात आलास. कुणीतरी गाडीतला प्रवासी स्टेशनवर टाकून गेला होता. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तू चित्रावर बोट ठेवून सांगायला लागलास.

"कासम, हाई दख. फ्रान्समा सायकलनी शर्यत व्हस. रोज एक मजल, दिनेदिन चालस. जो बठ्ठास्ना म्होरे, त्याना आंगमा पिवळी जर्सी."

"पिवळीच काबर?"

"ज्या छापखानावाला शर्यत भरावतस ना, त्यासना कागद पिवळा शे."

"नि आपला कागद?"

"आपला कागद नही," तू म्हणालास. "पन आपली हळद शे."

एवढ्यावर आपली शर्यत ठरली. पुढं केव्हातरी तू बातमी आणलीस की इटलीतही तशीच शर्यत होते आणि तिथं आता पुढच्याला गुलाबी जर्सी देतात. मी म्हणालो, आपणही गुलाबी करू, रंगाऱ्याला जरा काम तरी मिळेल. तू ऐकलं नाहीस. हा वाद आपला दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी तू जिंकायचास, कारण तू मास्तर होतास.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी जर्सी नव्हतीच. पुढं असेल त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची असं ठरलं. तळोद्याहून निघताना ती माळ छातीभर होती. शहाद्याला पोचेपर्यंत नुसता दोरा उरला. दुसऱ्या वर्षी पिवळा फेटा. तो वाऱ्यानं सुटला, साखळीत गेला आणि बांधणारा तोंडावर आपटला. तिसऱ्या वर्षी मी एक गंजीफ्रॉक हळदीत बुडवला आणि आपण त्याला जर्सी म्हणायला लागलो. एकच होती. रोज संध्याकाळी जो पुढं असेल त्याच्या अंगावर चढायची. एकाच्या अंगावरून घामट निघायची, धुवायची, सकाळी दुसऱ्याच्या अंगावर.

शहाद्याला तुझ्या आत्यानं ती साबणानं धुतली होती, आठवतं? सकाळी पाहतो तर सगळी लालभडक. हळदीला साबण लागला की असं होतं, हे रंगाऱ्याच्या पोराला माहीत. पण सांगायला मी तिथं असायला हवं ना. घालणारा गडी घाबरला. अंगावर घेईना. मी धावत येऊन चिंच कोळली, ते पाणी ओतलं, तशी ती हळूहळू पिवळी झाली. माणसं तोंडाकडं पाहत राहिली. हा किस्सा तू पुढं गावोगाव सांगितलास, आणि प्रत्येक वेळी चिंचेचं पाणी तुलाच सुचलेलं असायचं. मी हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्यानंतर मी हळदीचा नाद सोडला. डाळिंबाची सालं, तुरटी आणि डोंगरातून आणलेली पळसाची फुलं, तीन उकळ्या. तो रंग ना साबणाला भ्यायचा ना घामाला. पुढं असलेले स्वार मात्र कुरकुरायचे. पिवळी घातली की मैलावरून दिसतं, सगळे आपल्याच मागं लागतात, म्हणायचे. तू म्हणायचास, तिकडं फ्रान्समध्येही ज्यानं पहिल्यांदा घातली तो असाच कुरकुरला होता, तेव्हा आपली शर्यत बरोबर चालली आहे.

वामन, तुझी एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. शहाद्याचा मुक्काम. एक मोठ्या घरचा पोरगा सकाळपासून पिवळी घालून होता आणि दिवसभरात मागं पडला होता. पुढं आला होता डोंगरातला एक भिल्ल टपालवाला, अर्ध्या मिनिटानं. मोठ्या घरचा जर्सी काढेना. त्याचे चुलते, मामा सगळे जमले. तू दारात उभा राहिलास, आवाजही चढवला नाहीस.

"जर्सी मानूसनी नही," तू म्हणालास. "वेळनी शे. वेळ ज्यानी, जर्सी त्यानी. काढ."

त्यानं काढली. तू ती स्वतःच्या हातानं त्या टपालवाल्याच्या अंगात घातलीस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. असा दोस्त आपल्याला मिळाला याचा मला गर्व वाटला. त्या संध्याकाळसाठी मी आजही तुझा ऋणी आहे. तीच संध्याकाळ मला जास्त छळते, हेही लिहून ठेवतो.

आपल्या शर्यतीचा आणखी एक नियम होता, जो फ्रान्समध्ये नसावा. पहिल्या दिवशी नंदुरबारहून तळोदा, दुसऱ्या दिवशी तळोद्याहून म्हसावदवरून शहादा, तिसऱ्या दिवशी शहाद्याहून प्रकाशावरून परत नंदुरबार. तापी दोनदा आडवी येई. पूल नव्हता, होडी होती, आणि होडी भरल्याशिवाय नावाडी हलत नसे. म्हणून तू ठरवलंस की नदीचा वेळ धरायचा नाही. अलीकडच्या घाटावर जो जेव्हा येईल ते तुझ्या खिशातल्या घड्याळात बघून शाळेच्या पाटीवर लिहायचं. मग सगळ्यांना सायकलींसकट एका होडीतून पलीकडं न्यायचं. पलीकडं, जो जितका आधी आला होता त्याला तितकाच आधी सोडायचा. चार मिनिटं आधी आला, तर चार मिनिटं आधी सुटणार. घड्याळ एक, पाटी एक, आणि ती सांभाळणारा तू एक. कुणाला कधी शंका आली नाही.

मग जिनांचे मालक शर्यतीत उतरले. कापसातली सरकी काढायच्या दोन कारखान्यांनी आपापले पगारी स्वार ठेवले. कुणी सुरतेकडून आणले, कुणी भुसावळकडून. महिना बांधून दिलेला, काम एकच, सायकल मारायची. त्यांना दूध, त्यांना तेल, त्यांना नवे टायर. मी दुपारी कापड पिळून आलो की उरलेल्या उजेडात सायकल काढायचो. तू म्हणायचास, "कासम, तू त्यासना बाप शे." मला ते खरं वाटायचं.

पुढं दुसऱ्या मोठ्या लढाईत टायर मिळेनासे झाले आणि शर्यत काही वर्षं बंद पडली. लढाई संपल्यावर, त्या हिवाळ्यात, तू ती पुन्हा उभी केलीस. कोणत्या शेटकडं पैशासाठी किती वेळा गेलास, मला माहीत आहे. मी नवी जर्सी रंगवली. माझं वय झालं होतं, गुडघे बोलायला लागले होते. एकदा, आयुष्यात एकदा, आपण रंगवलेली जर्सी आपल्या अंगावर चढावी, एवढीच माझी इच्छा होती. ती मी फक्त तुला सांगितली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिवळी एका जिनाच्या भुसावळवाल्याच्या अंगावर होती. मी त्याच्या दोन मिनिटं मागं. शहाद्याहून निघाल्यावर मी काही बघितलं नाही. गाड्यांच्या चाकोऱ्या, बाभळीचे काटे, धूळ, कशाची पर्वा केली नाही. प्रकाशाच्या घाटावर पोचलो तेव्हा तिथं नावाडी आणि तू, दोघंच. तू घड्याळ पाहिलंस, पाटीवर लिहिलंस. मी वाळूत बसून राहिलो. भुसावळवाला आला तेव्हा तू मोठ्यानं म्हणालास, "चार मिनिटं." मी ऐकलं, नावाड्यानं ऐकलं. म्हणजे मी आता दोन मिनिटांनी पुढं होतो. पिवळी माझी झाली होती. आता फक्त नंदुरबार गाठायचं होतं.

होडीत तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. मला वाटलं, मास्तर आहे, सगळ्यांसमोर कौतुक कसं करेल.

पलीकडं उतरलो. मी सायकल घेऊन पुढं उभा राहिलो, सोडायची वाट पाहत. तुझ्या हातातली पाटी कोरी होती.

"पाटी पानीमा वली व्हयनी," तू म्हणालास. "वेळ पुसाई गई. बठ्ठास्ले संगेच सोडस."

"वामन, चार मिनिटं व्हती."

"माले आठवत नही."

"आते तूच त बोलना."

"कासम, लाईनमा उभा ऱ्हाय."

या चार शब्दांनी माझं जे झालं ते नीट सांगता येत नाही. नावाडी खाली मान घालून दोर गुंडाळत होता. मी ओळीत उभा राहिलो. तू रुमाल खाली केलास आणि सगळे एकदम सुटलो. माझ्या पायांतलं होतं नव्हतं ते मी घाटाच्या अलीकडंच संपवलं होतं. भुसावळवाला माझ्या मागच्या चाकाला लागून राहिला, त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. आम्ही दोघं बरोबरच नंदुरबारात शिरलो आणि सकाळच्या दोन मिनिटांवर पिवळी त्याच्याकडं राहिली. बिचारा चांगला होता. त्यानं माझा हात धरून काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी जर्सी रिवाजाप्रमाणे माझ्याकडं धुवायला आली. तू स्वतः आणून देण्याऐवजी कुणाकडून तरी पाठवलीस. मी ती धुतली. मनात आलं, साबणानं घासून लाल करावी आणि तशीच परत धाडावी. पण साबण काय, सोडा लावला असता तरी तो रंग हलला नसता, इतका पक्का मीच केला होता. वाळवून, घडी घालून दिली.

पुढच्या वर्षी भुसावळवाल्याच्या शेटनं जिन विकलं आणि सुरत गाठली. शर्यत पुन्हा झालीच नाही. तू दुकानात यायचास, चहा प्यायचास, कापसाच्या, शाळेच्या गोष्टी करायचास. मी एकदा सरळ विचारलं, "पाटीवर काय व्हतं?" तू म्हणालास, "जुनी गोट शे, जाऊ दे." मी म्हणालो, माझ्यासाठी जुनी नाही. तू कप खाली ठेवलास आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठलास. दिवस रविवारचा होता, वामन.

चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तेव्हा तू पिवळा पडला होतास. मी म्हणालो, आता तुला रंगवायला नको. तू हसलास, खूप वेळ हसलास, मग खोकला आला. तू झेंडूच्या माळेची आठवण काढलीस, त्या फेट्याची, आत्याची. चिंचेच्या पाण्यापाशी आलास आणि म्हणालास, "ते पानी तुलेच सुचनं व्हतं." मी वाट पाहिली. मला वाटलं, एवढं कबूल केलंस, आता तेही करशील. तू डोळे मिटलेस. मी अर्धा तास स्टुलावर बसलो, मग गाडीची वेळ झाली.

परवा शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. हेडमास्तर बोलायला उभे राहिले. शर्यतीच्या शेवटच्या वर्षीची एक गोष्ट वामनराव नेहमी सांगत, म्हणाले. प्रकाशाच्या घाटावर आमचे कासमभाई चार मिनिटं पुढं होते, पण नदीच्या आधारानं कुणाची जर्सी घेणं बरं नव्हे म्हणून ते आपणहून थांबले आणि सगळ्यांबरोबर निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत. माझ्या शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

म्हणजे तुला चार मिनिटं आठवत होती. तू ती गावभर सांगत होतास, फक्त मला सांगत नव्हतास. आणि ती सांगताना माझं नुकसान माझ्याच मोठेपणात घालून मोकळा झालास.

मी उभा राहिलो. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी थांबना नव्हतू," मी म्हणालो. "माले थांबाडं व्हतं. त्यानीच थांबाडं."

हेडमास्तरांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि सभा संपवली. मी चपला शोधत होतो तेव्हा तुझी बायको शाळेच्या ओट्यावरून म्हणाली, "कासमभाऊ, जरा बठा." मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"तुम्ही खरं बोलनात," वहिनी म्हणाल्या. "माले माहीत शे."

"कधीपासून?"

"त्याच रोजपासून. घर उनात नि जेवनात नही. मी इचारं तधळ सांगं. शेटनी त्यासले बजाडं व्हतं, जर्सी जिननी बाहेर गई त म्होरला साल शर्यत नही. शर्यत मरी जाई म्हनेत. कासम समजी लेई म्हनेत."

"मंग माले काबर नही सांगं?"

"लाज वाटे त्यासले. कितला दाव तुमना दुकानलगून येत नि दुसरंच बोली मांगे फिरेत. मंग ती तुम्ही थांबनात अशी गोट सांगाले लागनात. तेवढाच तुमना मान ऱ्हाई म्हनेत."

मी पाणी प्यायलो आणि घरी आलो. वामन, चार मिनिटं तू खाल्लीस ते मी एखादे दिवशी गिळलं असतं. पण त्याच दिवशी, ताटावरून उठून, तू तुझ्या बायकोला सगळं सांगू शकलास, आणि माझ्यासमोर इतकी वर्षं चहा पीत कापसाबद्दल बोलत राहिलास. कासम समजून घेईल, हे तुला ठाऊक होतं. मग समजून घ्यायला मला काही दिलं का नाहीस?

घाटावर नावाडी सोडला तर आपण दोघंच होतो. भुसावळवाला यायला चार मिनिटं होती. तू माझ्याजवळ वाळूत बसून एवढंच म्हणायचं होतंस की कासम, ही जर्सी तुझी आहे, पण तू घेतलीस तर शर्यत जाईल. मी तुला शिव्या दिल्या असत्या. तुझ्या शेटच्या सात पिढ्या काढल्या असत्या. कदाचित रडलोही असतो. आणि मग पलीकडं तू मला आधी सोडलंस तरी सायकल आडवी टाकून तिथंच बसून राहिलो असतो, सगळे सुटेपर्यंत. तुला पाटी पुसावी लागली नसती. तू लोकांना जी गोष्ट सांगत फिरलास ती खरी झाली असती, वामन. तू फक्त मला विचारायला हवं होतंस.